नोकरी गेल्याचा पुरावा

निवृत्त झाल्यावर माणसाला कोणी काही विचारत नाही, अशी तक्रार मी आमच्या पेन्शनर मंडळींकडून नेहमी ऐकते. माझं तसं नाही. लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या गाडीवर, बडनेरा स्टेशनच्या बाकावर, कुठेही लोक मला गाठतात आणि विचारतात, तायडे मॅडम, हा विमा घेऊ का? पूर्वी गाडीच्या विम्याबद्दल विचारायचे, मग दवाखान्याच्या. अलीकडे सगळ्यात जास्त विचारला जातो तो नोकरी जाण्याचा विमा. विचारणारा आधी इकडेतिकडे पाहतो आणि आवाज खाली करतो. जणू मोठ्यानं विचारलं तर नोकरी ऐकेल आणि निघून जाईल.

मी विमा कधी विकला नाही, हे आधी सांगून टाकते. आधी अमरावतीत आणि नंतर निवृत्तीपर्यंत अकोल्यात मी एका विमा कंपनीच्या दाव्यांच्या टेबलावर बसले. विकणारे वेगळे आणि देणारे वेगळे. विकणाऱ्याच्या तोंडी सारखं ‘समजा’ असतं. समजा आग लागली, समजा गाडी ठोकली, समजा तुम्ही उद्या नसलात. माणूस समजत जातो आणि सही करतो. तोच माणूस नुकसान झाल्यावर आमच्या टेबलाशी येतो, तेव्हा आमच्याकडे एकच शब्द असतो, ‘दाखवा’. लोकांना वाटतं आम्ही पैसे द्यायचे टाळतो. टाळणारेही असतात, पण बहुतेकदा माणसाकडे नुकसान असतं आणि पुरावा नसतो.

जनावरांच्या विम्याचं उदाहरण देते, म्हणजे धंदा कळेल. विमा काढला की गाईम्हशीच्या कानात बिल्ला मारतात. जनावर दगावलं की तो बिल्ला हजर करायचा. बिल्ला नाही तर पैसे नाहीत. अमरावतीला असताना एका दूधवाल्याची म्हैस गेली. तो दुपारी जेवणाच्या सुट्टीत आला आणि त्यानं प्लास्टिकची पिशवी माझ्या डब्याशेजारी ठेवली. आत बिल्ला होता, आणि बिल्ल्यासोबत म्हशीचा कानही होता. मी ओरडले तर म्हणे, तुमीच तं म्हनलं होतं दाखवा. त्याचा दावा मी त्याच दिवशी मंजुरीला पाठवला. डबा मात्र तसाच घरी नेला.

तर म्हशीला कान असतो, गाडीला नंबर असतो. नोकरी गेली हे दाखवायचं कसं, हा खरा प्रश्न आहे, आणि विमा घेताना तो कोणीच विचारत नाही. हा विमा सहसा एकटा येत नाही. घराच्या कर्जामागे नाहीतर आजारपणाच्या विम्यामागे शेपटासारखा लागून येतो. नोकरी गेली तर कंपनी कर्जाचे थोडे हप्ते भरते, बहुधा तीन. त्यापुढे तुमचं तुम्ही पाहा. तेही कोणाला, तर ज्याची नोकरी पक्की आहे, पगाराची चिठ्ठी आहे, पीएफ कापला जातो त्याला. ठेक्यावरच्याला नाही, नव्यानं लागलेल्याला नाही, स्वतःचा धंदा असलेल्याला नाही. चोरी केली किंवा कामात कसूर केली म्हणून काढलं तर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, स्वतः राजीनामा दिला तर नाही.

अमरावतीला तासिका तत्त्वावर शिकवणारे एक सर यायचे. उन्हाळ्यात त्यांची नोकरी जायची आणि पावसाळ्यात कधीतरी परत यायची. ते म्हणाले, मॅडम, माझ्यापेक्षा जास्त गरज कोनाले आहे? मी म्हटलं, कोणालाच नाही, आणि म्हणूनच तुम्हाला देणार नाहीत. सर शहाणे होते, हसले. याच्या उलट धारणीचा एक कारकून. पक्की सरकारी नोकरी, आणि बँकेनं कर्जासोबत हा विमा त्याच्या गळ्यात मारलेला. ते त्याला फार उशिरा कळलं. भरलेला विम्याचा हप्ता वसूल कसा करायचा या चिंतेत तो धारणीहून एसटीनं घाट उतरून माझ्याकडे आला आणि गंभीरपणे विचारता झाला, सरकारी नोकरी जायाले काय करा लागते? मी म्हटलं, जे करावं लागतं ते केलं तर विमा मिळत नाही.

ज्याची नोकरी जाणार त्याला हा विमा मिळत नाही आणि ज्याला मिळतो त्याची सहसा जात नाही. त्यामुळे विचारणाऱ्याला मी बहुतेक वेळा ‘नको’ सांगायची. आमच्याच ऑफिसातले विक्रीवाले त्यामुळे माझ्यासोबत चहा प्यायचे नाहीत. मलाही त्यांचा चहा फार गोड लागायचा.

अनिसभाईंना मात्र मी ‘घ्या’ म्हणाले.

अनिसभाई मूळचे बार्शीटाकळीचे. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये ते तरुणपणी हमाल म्हणून लागले आणि छाननीच्या हॉलचे मुकादम झाले. कागदावर सुपरवायझर. हॉलमध्ये बाया ओळीनं बसून डाळीतले खडे, काळे दाणे, सालपटं वेचायच्या आणि अनिसभाई त्यांच्यावर देखरेख करायचे. मिलच्या ट्रकांच्या विम्याचे कागद घेऊन ते आमच्याकडे यायचे, तेवढी आमची ओळख. टाचण्या लावलेले, क्रमानं लावलेले कागद आणणारा माणूस दाव्याच्या टेबलावर देवमाणूस असतो.

एकदा ते स्वतःचे कागद घेऊन आले. भावांसोबतच्या घरातून बाहेर पडून त्यांनी अकोल्यात दोन खोल्या घेतल्या होत्या. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर. बँकेचं कर्ज मंजूर झालं होतं आणि बँकेतल्या पोरानं आमच्याच कंपनीचा हा विमाही घ्या म्हणून सांगितलं होतं. घ्यावा की नाही, हे ठरत नव्हतं. सोबत त्यांच्या पत्नी नसीमभाभी होत्या. त्या घरी शिवणकाम करतात. त्या काही बोलत नव्हत्या, पण लक्ष सगळं होतं.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. नोकरी पक्की होती, पीएफ कापला जात होता, पगार बँकेत येत होता. मग मी विचारलं, तुमची नोकरी जाईल असं तुम्हाला वाटतं का? अनिसभाईंना तो प्रश्नच आवडला नाही. मिल शेठची, पण हॉल माझा, असं त्यांचं म्हणणं. मालक बिपीनशेठच्या वडिलांच्या वेळेपासून ते तिथे होते. ईदला शेठ त्यांच्या घरी यायचे, दिवाळीला हे शेठकडे जायचे. मी म्हटलं, मग नका घेऊ. तेव्हा नसीमभाभी पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, लातूरच्या मिलींत आता कॅमेऱ्याचं मशीन आलं म्हणते, बाया लागत नाई. बाया नाई लागल्या तं मुकादम कोनाचा मुकादम?

मी अनिसभाईंकडे पाहिलं आणि म्हटलं, घ्या. आणि एक लक्षात ठेवा, काही झालं तरी राजीनामा लिहून देऊ नका. ते हसले. “मी काहून राजीनामा देऊ, मॅडम? नोकरीनं माह्यं काय वाकडं केलं?”

मशीन आलं ते पुढच्याच्या पुढच्या हंगामात. ते मी नंतर पाहिलं. डाळ वरून पडते, कॅमेरा दाणा ओळखतो आणि खराब दाणा हवेच्या एका फुंकरीनं बाजूला उडतो. फुस्स, एवढाच आवाज. आधी बाया गेल्या. त्यांना राजीनामा मागितला नाही आणि पत्रही दिलं नाही. सोमवारपासून येऊ नका, एवढं सांगितलं, तेही अनिसभाईंनाच सांगावं लागलं. त्यांच्यापैकी एकही बाई माझ्या टेबलावर कधी आली नाही. यावं असं तिथे त्यांच्यासाठी काही नव्हतंच. माझ्या धंद्यातली मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट कोणती असं विचाराल, तर ही.

मग एके दिवशी बिपीनशेठनी अनिसभाईंना आत बोलावलं.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. वऱ्हाडात खाजगी नोकरीतून कोणालाही काढत नाहीत. म्हणजे काढतात, पण कागदावर नाही. मालक माणसाला आत बोलावतो, चहा सांगतो, घरच्यांची चौकशी करतो आणि म्हणतो, राजीनामा लिहून दे, इज्जतीनं जा. माणूस ‘घरगुती अडचणीमुळे’ नोकरी सोडत असल्याचं लिहून देतो. मग शाल, नारळ, दोन शब्द, फोटो. यात लबाडी असतेच असं नाही. इकडे ‘काढलं’ म्हटलं की लोक पुढचं विचारतच नाहीत. काढलं म्हणजे कुठेतरी हात मारला असेल. दालमिलमध्ये तर नक्कीच, पोतं सुटायला वेळ लागतो का? त्यामुळे चांगला मालक चांगल्या माणसाला कधी काढत नाही. त्याच्याकडून राजीनामा घेतो आणि त्याचं नाव जपतो. अशा राजीनाम्यांपायी नाकारलेले दावे मी किती पाहिले. घरात अडचण नोकरी गेल्यावर यायची, पण अर्जात ती आधीच येऊन बसलेली असायची.

शेठनी तेच केलं. चहा, चौकशी, मशीनचं कर्ज, बाजार, आणि शेवटी राजीनामा. अनिसभाई तिथेच लिहून देणार होते. कोरा कागद पुढे ठेवलेला होता. पण पेन हातात घेतल्यावर त्यांना माझं बोलणं आठवलं म्हणे. उद्या लिहितो म्हणून ते बाहेर आले आणि तिथूनच त्यांनी मला फोन केला. मी सांगितलं, लिहिलं की विमा संपला. शेठकडून पत्र मागा, मशीन आल्यामुळे तुमची जागा राहिली नाही आणि म्हणून तुम्हाला कमी केलं, असं पत्र.

त्यांनी मला ते वाक्य पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ते म्हणाले, “मॅडम, ‘काढलं’ असं लिहून मागू? मी सोता? माह्याच तोंडानं?”

हा निर्णय मी घेऊ शकत नव्हते. एका बाजूला घराचे हप्ते होते. ग्रॅच्युइटीचे कागद सरकायला वेळ होता, आणि हातातलं सगळं घरात घातलेलं. दुसऱ्या बाजूला नाव होतं. अकोल्याच्या मिलवाल्यांत सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि दुसरी नोकरी त्यांच्यातच शोधायची होती. विमा घ्यावा की नाही हे ठरवणं सोपं असतं. तो वापरायचा की नाही हे ठरवायची वेळ आली की माणूस घाम पुसतो.

घरी दोन दिवस वाद झाला. नसीमभाभींनी शेवटी एवढंच विचारलं, शाल दाखोली तं बँक हप्ता सोडते का? 

अनिसभाई शेठकडे गेले आणि पत्र मागितलं. शेठना आधी वाटलं की यांना कोणी वकील भेटला. मग विम्याचं कळलं. आमच्या घराण्यात कोणाला काढल्याचं पत्र दिलेलं नाही, असं दोन-तीनदा म्हणाले. पण माणूस दिलदार. मुनीमजींना सांगून इंग्रजीत पत्र करून घेतलं आणि नीट न वाचता सही केली. कायद्यानं द्यायचं ते दिलं, थोडं वरही दिलं. आणि पत्र दिल्यावरही निरोप समारंभ केलाच. मिलच्या आवारात सतरंजी, शाल, नारळ, मनगटी घड्याळ. शेठच्या पुतण्यानं फोटो काढून व्हॉट्सॲपच्या व्यापारी ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘प्रदीर्घ सेवेनंतर सेवानिवृत्त होत असलेले आमचे अनिसभाई’.

तो फोटो अनिसभाईंनी मला मोठ्या आनंदानं पाठवला. निवृत्त झालेल्यालाही हा विमा मिळत नाही, मी कपाळाला हात लावला.

दावा आला. कागद नेहमीसारखे टाचण्या लावून, क्रमानं. ओळखीचा माणूस म्हणून मी वरच्या ऑफिसला तसं लेखी कळवलं आणि निर्णय त्यांच्याकडे ठेवला. पत्र स्पष्ट होतं, त्यामुळे फोटो असला तरी काही अडेल असं मला वाटत नव्हतं. अशा दाव्यात चौकशी करणारा बाहेरचा माणूस असतो. तो नागपूरला बसतो आणि मालकाला फोन करून खात्री करून घेतो. काही दिवसांनी त्याचा अहवाल माझ्या टेबलावर आला. मालकाच्या सांगण्यानुसार कामगाराने स्वेच्छेने नोकरी सोडली असून पत्राबाबत शंका आहे. दावा नाकारण्याची शिफारस. सोबत सेवानिवृत्तीचा तो फोटोही जोडलेला.

वरच्या ऑफिसला मी कळवलं की यात गफलत दिसते, मला मालकाशी बोलू द्या. आणि ऑटो करून एमआयडीसीत गेले. छाननीचा हॉल मोकळा होता. बाया बसायच्या तिथल्या फरशीचा रंग वेगळा दिसत होता, कडेला पोत्यांची थप्पी लावलेली. बिपीनशेठनी चहा मागवला आणि मी विचारायच्या आधीच सांगायला लागले की अनिसचं काम लवकर करा, माणूस हिरा आहे.

मी अहवाल वाचून दाखवला. त्यांना आधी समजलंच नाही. मग म्हणाले, हो, आला होता एक फोन. विचारत होता, अनिस खानले तुमी काढलं का? मी म्हणाले, मग तुम्ही काय सांगितलं?

“काय सांगीन? मी म्हनलं, नाई हो, काढलं कुठी? आमी कोनाले काढत नसतो. लय भला मानूस, सोताहून गेला. मले वाटलं कोनी नवा मालक असंन, त्याले कामावर घेयाच्या आधी इचारून राहिला.”

मला हसूही येईना आणि रागही येईना. शेठनी आयुष्यभर जे केलं तेच केलं होतं. कोणीही फोन करून जुन्या माणसाबद्दल विचारलं की मालकानं त्याचं नाव राखायचं. तीच रीत पाळून त्यांनी अनिसभाईंचा दावा बुडवला होता. पत्रात खरं लिहिलं होतं आणि तोंडानं चांगलं बोलले होते, आणि कंपनी तोंडाचं ऐकून बसली होती.

वरच्या ऑफिसचं म्हणणं आलं की मालकाला बोलवा, कामगाराला समोर बसवा, जबाब घ्या आणि दोघांच्या सह्या घ्या, म्हणजे मागून तक्रार नको. मी शेठना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पुन्हा पुन्हा एकच विचारलं, त्याच्या समोर म्हणावं लागेल का? पत्र दिलं ना मी, अजून एक पत्र देतो, दहा पत्रं देतो. मी म्हटलं, शेठ, पत्र तुम्ही आधी दिलंच होतं. आता तोंडानं सांगा.

ठरलेल्या दिवशी अनिसभाई आणि नसीमभाभी आधी आले. अनिसभाई पाणी प्यायला गेले तेव्हा नसीमभाभी माझ्या टेबलाजवळ सरकल्या. म्हणाल्या, “मॅडम, तुमाले एक सांगतो. हे अजून रोज सकाळी डबा घेऊन निंगते. मिलच्या समोर टपरी हाये, तिथी बसते. दुपारी हमालांसोबत जेवते आन् संध्याकाळी घरी येते. मी म्हनलं, काहून जाता? तं म्हनते, शेठनं मले कुठी काढलं? काम पडलं तं हाक मारतीन.”

 पत्र स्वतः मागून घेतलेला माणूस. दाव्याच्या कागदावर स्वतःच्या हातानं ‘नोकरी गेल्याचा दिनांक’ लिहिलेला माणूस. मी एवढी वर्षं लोकांना दाखवा, दाखवा म्हणत बसले होते, आणि या माणसाला त्याचं नुकसान अजून कोणी दाखवलंच नव्हतं.

बिपीनशेठ पांढरे कपडे घालून आले, बरोबर मुनीमजी. दोघं मालक-नोकर एकमेकांना भेटले ते मिठी मारूनच. मी त्यांना समोरासमोर बसवलं आणि छापील प्रश्न वाचला. आपण अनिस खान यांना कामावरून कमी केले आहे का? होय अथवा नाही.

शेठ मशीनबद्दल बोलले. लातूरवाल्यांनी भाव कसे पाडले ते बोलले. वडिलांच्या वेळच्या मिलबद्दल बोलले, अनिस पहिल्या दिवशी कसा आला होता, तेही बोलले. मी लिहिलं काहीच नाही. प्रश्न पुन्हा वाचला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि आमच्या ऑफिसात एसी चांगला होता. मला त्या म्हाताऱ्या माणसाची मनापासून कीव आली. त्याला छळायचा मला काही हक्क नव्हता, पण प्रश्न विचारल्याशिवाय गत्यंतरही नव्हतं.

शेवटी अनिसभाईंनीच त्यांची सुटका केली. खाली पाहत म्हणाले, “म्हना, शेठ. मीच म्हनून राहिलो. म्हनून टाका.”

शेठ त्यांच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाले, “हो मॅडम. मी अनिसले कामावरून काढलं.” आणि लगेच, “त्याची काई चूक नोती. हे बी लिहा.”

ते मी लिहिलं. तो रकाना फॉर्मात नव्हता, तरी लिहिलं. दोघांनी सह्या केल्या. अनिसभाईंची सही नेहमी ठसठशीत असायची, त्या दिवशी ओळ सोडून खाली गेली.

दावा मंजूर झाला. कंपनीनं तीन हप्ते भरले. त्यातून घराला श्वास मिळाला, एवढं खरं. पुढे धामणगाव रेल्वेला एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे अनिसभाईंना काम लागलं. त्या व्यापाऱ्यानंही बिपीनशेठना फोन केला होताच. तेव्हा शेठनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही, पण अंदाज करता येतो. अनिसभाई अकोल्याहून गाडीनं जातात आणि येतात. हप्ते आता पगारातून कापले जातात. हिशेबानं पाहिलं तर विमा फायद्याचा ठरला. मात्र आता कोणी विचारलं की मी प्रीमियमचं सांगत नाही. मी विचारते, उद्या तुमचा मालक तुमच्या तोंडावर ‘मी याला काढलं’ असं म्हणेल का, आणि तुम्ही ते ऐकून घ्याल का? दोन्ही होत असेल तर घ्या. विचारणारे गोंधळतात आणि आपापल्या बँकेत जाऊन सही करतात.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. सह्या झाल्यावर शेठ आधी गेले. अनिसभाई थोडा वेळ खुर्चीवर तसेच बसले, मग उठून मला सलाम केला. मी त्यांना आणि नसीमभाभींना जिन्यापर्यंत सोडायला गेले. आमच्या ऑफिसचा जिना अरुंद आहे, खालचं बोलणं वर ऐकू येतं. दोघं अर्ध्यावर उतरले असतील. अनिसभाई थांबले. भिंतीला हात टेकून उभे राहिले, आणि रोजच्यासारख्या साध्या आवाजात म्हणाले, “नसीम, उद्या डबा नको करू.”